हॉल्स्टेड यांचे मोजमाप

ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे घालण्याची पद्धत रूढ होण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते डॉ. विल्यम हॉल्स्टेड १८५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मले. जंतुनाशकामुळे त्यांच्या सहकारी परिचारिकेच्या हातांची त्वचा खराब होऊ लागली, म्हणून त्यांनी पातळ रबरी मोजे बनवून घेतले. पुढे त्याच कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जागेवर भूल देण्यासाठी कोकेनचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले आणि त्यातून त्यांना व्यसन जडले. तरीही बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी सर्जनांची एक पिढी घडवली.

स्तनाचा कर्करोग मुळापासून क्रमाक्रमाने बाहेर पसरतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून ते स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढत. १८९४ मध्ये त्यांनी ५० स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. इतर सर्जनांकडे निम्म्याहून अधिक स्त्रियांत त्याच जागी कर्करोग पुन्हा उगवत असे, तर त्यांच्याकडे फक्त तिघींमध्ये. मग जगभर हेच ऑपरेशन होऊ लागले. छाती खोल जाई, हात सुजे, पण स्त्रिया जीव वाचावा म्हणून सोसत.

हॉल्स्टेड यांची नोंद प्रामाणिक होती, पण मोजमाप अपुरे होते. त्यांनी जखमेच्या जागेचा कर्करोग मोजला. रुग्ण दगावत होत्या त्या यकृत, फुप्फुस, हाडांत पसरलेल्या कर्करोगाने. शिवाय कमी कापलेल्या तशाच स्त्रियांचा दुसरा गट शेजारी नव्हता. १९२२ मध्ये पित्तनलिकेतील खड्याच्या ऑपरेशननंतर ते वारले. त्यांचे ऑपरेशन पुढे पन्नास वर्षे चालत राहिले.

१९७३ मध्ये इटलीतील मिलानमध्ये डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी क्लिनिकल ट्रायल सुरू केली. दोन सेंटिमीटरपर्यंत गाठ असलेल्या ७०१ स्त्रिया तीत होत्या. काहींचे हॉल्स्टेड यांचे ऑपरेशन झाले. बाकींचा स्तनाचा थोडा भाग आणि काखेतील ग्रंथी काढून किरणोपचार दिले. कोणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. डॉक्टरांनी निवड केली असती, तर धडधाकट रुग्ण नव्या पद्धतीकडे गेले असते आणि तुलनाच बिघडली असती.

वीस वर्षांनंतरचा निकाल २००२ मध्ये आला. छोट्या ऑपरेशनच्या गटात ३० जणींच्या स्तनात कर्करोग परत उगवला, मोठ्या गटात ८ जणींच्या जागेवर. हॉल्स्टेड यांच्या मोजपट्टीने मोठे ऑपरेशनच जिंकले असते. पण मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. स्तन वाचवूनही आयुष्य घटले नव्हते.

मात्र लहान छेद नेहमीच चांगला, असे समजू नये. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बिणीचे ऑपरेशन पोट उघडून केलेल्या ऑपरेशनइतकेच चांगले, असे मानले जात होते. ६३१ स्त्रियांच्या तुलनेचा निकाल २०१८ मध्ये आला : साडेचार वर्षांनी दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के, तर उघड्या ऑपरेशनच्या गटात ९६.५ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाचे ५०० रुग्ण अभ्यासले गेले. मानेतील ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गरज पडली तरच काढू, असे म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

पारनेरहून नगर, पुणे किंवा मुंबईला ऑपरेशनसाठी जाणाऱ्यांनी छेद केवढा, एवढेच विचारू नये. माझ्यासारख्या रुग्णांत या पद्धतीची जुन्या पद्धतीशी तुलना झाली आहे का, किती वर्षे पाहिले आणि किती जण जगले, हेही विचारावे. ट्रायलमध्ये सामील व्हायला सांगितले, तर आपला प्रयोगासाठी वापर होतो आहे, असे लगेच धरून चालू नये. माहिती नीट समजून घ्यावी, घरच्यांशी बोलावे, नको वाटल्यास नकार द्यावा. नकाराने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. मिलानच्या ७०१ स्त्रियांमुळेच आज अनेकींना स्तन न गमावता बरे होता येते.