विश्लेषण : मनातली घालमेल यंत्राला कळते का? शंभर वर्षांपूर्वी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात काय मोजले?

मनगटावरचे स्मार्टवॉच आता नाडीचे ठोके मोजून थांबत नाही. तुम्ही तणावात आहात, जरा श्वासाकडे लक्ष द्या, असेही ते सुचवते. शरीराच्या खुणांवरून मनाचा अंदाज घेण्याचे हे तंत्र नवे असले, तरी मनाशी जोडलेल्या साधनेला यंत्राने मोजण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे. खोपोलीच्या शिळफाट्यावरून (कल्याणजवळचा नव्हे) जुन्या महामार्गाने बोरघाट चढला की लोणावळा लागते. तेथे १९२४ मध्ये एका संस्कृतच्या अभ्यासकाने योगासाठी प्रयोगशाळा उभारली. ते होते स्वामी कुवलयानंद.

कुवलयानंद कोण होते?

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांना संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. तरुणपणी टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळेच्या राजरत्न माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात त्यांनी शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. पुढे ते खानदेशात अमळनेरला अध्यापन करू लागले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास महाराजांची भेट झाली आणि त्यांच्याकडून योगाची दीक्षा मिळाली.

मग प्रयोगशाळा कशासाठी?

योगाचा अनुभव स्वतः घेतला, तरी तो इतरांना पटवायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. योगाला चमत्कार मानणारे आणि थोतांड मानणारे, असे दोन्ही गट तेव्हा होते. या वादाचा निकाल यंत्राने लावावा, असे त्यांनी ठरवले. विसाव्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांद्वारे अभ्यास केला. त्यानंतर लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन झाले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. प्रयोगाची पद्धत, आकडे आणि क्ष-किरण चित्रे त्यात छापली जात. म्हणजे कोणालाही ते तपासून पाहता येईल.

प्रयोगांतून काय निघाले?

नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले. बस्तीत पाणी आत का ओढले जाते, याचे उत्तर त्यातून मिळाले. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले : माधवदास व्हॅक्यूम. आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हेही त्यांनी तपासले. प्राणायामाने शरीरात भरपूर प्राणवायू साठतो, ही लोकप्रिय समजूत मात्र त्यांनी मान्य केली नाही. प्राणायामाचे खरे महत्त्व मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असे त्यांचे मत होते. योगाचा प्रसार करायचा असूनही सोयीचा दावा त्यांनी तसाच स्वीकारला नाही.

त्यांच्या कामाची दखल कोणी घेतली?

१९२७ मध्ये रक्तदाबाचा त्रास असलेल्या महात्मा गांधींनी योगोपचारांविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहनान तिसाव्या दशकात लोणावळ्यात येऊन शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या वैज्ञानिक मूल्यमापनावर पुस्तक लिहिले. मुंबईत चौपाटीजवळ संस्थेची शाखा निघाली, लोणावळ्यात योग महाविद्यालय आणि रुग्णालय उभे राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले.

आजचे यंत्र भावना कशी ओळखते?

हृदयाचे ठोके, श्वास, त्वचेवरचा घाम, स्नायूंचा ताण हे संकेत सेन्सर टिपतात. कोणत्या वेळी व्यक्ती रागात, आनंदात वा तणावात होती, हे सांगणाऱ्या नोंदी सोबत दिल्या की मशीन लर्निंगचा प्रोग्राम त्यांतला सारखेपणा शोधतो. अमेरिकेतील एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आठ भावना ८१ टक्के अचूकतेने ओळखल्याचे मांडले. मात्र ही सगळी मापे एकाच व्यक्तीची होती. एकावर शिकलेले यंत्र दुसऱ्यावर चुकते, ही अडचण अजून सुटलेली नाही.

धोका कुठे आहे?

शिळफाट्यावरून ट्रक घेऊन घाट चढणाऱ्या चालकाचे ठोके वाढले, तर कारण भीती असेल, उकाडा असेल किंवा नुकताच घेतलेला कडक चहा. ठोक्यांचा आकडा तिन्ही वेळा सारखाच दिसू शकतो. त्या आकड्यावरून मालकाने चालकाला घाबरट ठरवले, तर त्याच्या रोजगारावर गदा येईल. म्हणूनच युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांसाठीच त्यात सूट आहे.

कुवलयानंदांनी भावना ओळखणारे यंत्र बनवले नव्हते. त्यांनी दाब मोजला तेव्हा दाबाबद्दलच निष्कर्ष काढला आणि पद्धत सर्वांसमोर ठेवली. घड्याळ तणावाचा आकडा दाखवते, तेव्हा त्याने प्रत्यक्षात काय मोजले आणि किती जणांवर तपासले, हे विचारण्याचा हक्क ग्राहकालाही आहे.