केटी लागलेला कॉलिन

इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला गणितात नापास झालेला एक मुलगा पुढे फॉर्म्युला वनच्या सात कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या टीमचा मालक झाला. हे वाचून आपल्या कॉलेजातल्या निम्म्या पब्लिकला धीर येईल, पण लेख तेवढ्यासाठी लिहिलेला नाही. हा मुलगा म्हणजे लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन. शाखा सिव्हिल, कॉलेज लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. (मेकॅनिकलवाल्यांनी मान खाली घालावी!)

मी त्याच्यापर्यंत पोचलो तो नियमांच्या पुस्तकामुळे. आम्ही चौघं सध्या डोंबिवली एमआयडीसीत एका ओळखीच्या गाळ्यात जुनी मारुती ८०० घेऊन बसलोय. हौशी रॅलीक्रॉससाठी ती तयार करायची आहे. रॅलीक्रॉस म्हणजे छोट्याशा बंद ट्रॅकवर, थोडा डांबरी थोडा मातीचा, चार-सहा गाड्या एकदम सोडायच्या. हा प्रकार इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या लिडनच्या ट्रॅकवर फेब्रुवारी १९६७ मध्ये टीव्हीवर दाखवण्यासाठी म्हणून सुरू झाला. गाड्यांचे क्लास असतात आणि प्रत्येक क्लासचे नियम. इंजिन किती सीसीचं, काय बदललं तर चालतं, काय मूळचंच ठेवायचं, रोल केजचा पाईप किती जाड, सगळं लिहिलेलं. आमच्या गाळ्यात स्पॅनर कमी आणि या पुस्तकावरून वाद जास्त चालतात. नियमात लिहिलेलं नाही म्हणजे ते करता येतं का? या प्रश्नाचं उत्तर चॅपमन आयुष्यभर देत राहिला. कधी त्याला त्याचा फायदा झाला, कधी दुसऱ्याला फार महागात पडलं.

त्याचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. कॉलेजात असताना हा पठ्ठ्या एका मित्राबरोबर सेकंडहँड गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. लेक्चरला किती बसत असेल याचा अंदाज आपण करू शकतो. धंदा जोरात होता, पण १९४७ च्या शेवटी इंग्लंडमध्ये सरकारने खाजगी गाड्यांना मिळणारं पेट्रोलचं रेशन बंद केलं आणि जुन्या गाड्यांचा बाजार धाडकन कोसळला. आलेला माल पडेल किमतीला विकावा लागला. शेवटी गळ्यात राहिली एक ऑस्टिन सेव्हन. जवळजवळ वीस वर्षं जुनी, ७४७ सीसीची, कोणी विकत घेईना अशी.

ही गाडी त्याने मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागच्या गॅरेजमध्ये खोलली. हीच हेझल पुढे त्याची बायको झाली. पत्र्याची जुनी बॉडी काढून टाकली आणि प्लायवूडला ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवून नवी बॉडी केली. ही विमानातली पद्धत. कॉलेजच्या एअर स्क्वाड्रनमध्ये तो विमान चालवायला शिकला होता, म्हणून डोक्यात विमान. बॉडी फक्त वर ठेवलेली पेटी नसून तिनेही ताकदीचा वाटा उचलायचा, हा विचार सिव्हिलवाल्यालाच सुचावा. आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात ट्रस सोडवतो आणि विसरतो, याने तो गाडीत बसवला.

१९४८ साली ही गाडी तो ट्रायल्समध्ये घेऊन गेला. ट्रायल्स म्हणजे चिखलाने भरलेला उभा चढ, गाडी न थांबता किती वर जाते ते बघायचं. रॅलीक्रॉसचा चुलतभाऊच म्हणा ना. कसारा किंवा माळशेज घाटाच्या पायथ्याशी जुलै महिन्यात एखादी कच्ची वाट चढवून बघितली असेल, त्याला कल्पना येईल. तिथे ताकदीपेक्षा वजन कमी असणं आणि मागच्या चाकांना पकड मिळणं महत्त्वाचं. या भंगारातल्या गाडीने त्याला आपल्या क्लासमध्ये बक्षिसं मिळवून दिली. हीच पहिली लोटस. लोटस हे नाव त्याने का ठेवलं, ते त्याने शेवटपर्यंत जाहीर केलं नाही.

मधल्या काळात केटी सुटली, १९४९ मध्ये डिग्री मिळाली. नंतर ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी. दिवसा ऑफिस, रात्री गॅरेज.

आता येतो माझा सगळ्यात आवडता भाग. ७५० मोटर क्लब नावाच्या हौशी मंडळींच्या क्लबने ऑस्टिन सेव्हनवर आधारलेल्या गाड्यांसाठी ७५० फॉर्म्युला काढला होता. हेतू असा की खिशात पैसे नसलेल्यांनाही शर्यतीत उतरता यावं. १९५१ साठी चॅपमनने मित्र मायकेल आणि नायजेल ॲलन या भावांबरोबर तिसरी गाडी बनवली. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण इनलेट पोर्ट दोनच. म्हणजे शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच नाकाने श्वास घेणार. एकाने जोरात ओढला की दुसऱ्याच्या वाट्याला कमी. चाळीतल्या कॉमन नळासारखं. ब्लॉक बदलायला नियमात परवानगी नाही, सगळेच त्या दोन पोर्टांवर भागवत होते. चॅपमनने इनलेट मॅनिफोल्ड असं बनवलं की मधली भिंत पोर्टाच्या आत जाऊन त्याचे दोन भाग करेल. दोन पोर्टांचे झाले चार, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नाक. त्या सीझनमध्ये ही गाडी बाकीच्यांना दिसायची ती फक्त मागून. मग क्लबने नियम बदलून ही युक्ती बंद केली.

याला चीटिंग म्हणायचं का? आमच्या गाळ्यात यावर दोन तट आहेत. माझं मत स्पष्ट आहे, ही चीटिंग नाही. त्याने काही लपवलं नाही, सीसी वाढवला नाही, तपासणाऱ्यांना जे दिसायचं ते दिसत होतं. सगळ्यांनी तेच पुस्तक वाचलं होतं, याने फक्त इंजिनिअरसारखं वाचलं. आणि क्लबने पुढे ते बंद केलं हेही बरोबरच केलं, कारण क्लास स्वस्त राहायला हवा होता.

१ जानेवारी १९५२ ला त्याने हेझलकडून २५ पौंड उसने घेऊन लोटस इंजिनिअरिंग सुरू केली, वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात. नियम वाचायची सवय धंद्यातही चालू राहिली. तेव्हा तयार गाडीवर मोठा पर्चेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या किटमध्ये विकली गेली, घरी न्या आणि जोडा. पण गाडी कशी जोडायची याची माहिती सोबत देता येत नव्हती. मग म्हणे कंपनी गाडी खोलायची कशी त्याची माहिती देई, गिऱ्हाइकाने ती उलटीकडून वाचायची! व्हायवाला असं उत्तर दिलं तर सर हसतील की बाहेर काढतील, सांगता येत नाही.

हाच माणूस १९६२ साली ल मां इथे मात्र नियमात अडकला. त्याच्या गाडीची पुढची चाकं चार बोल्टची, मागची सहा बोल्टची. नियम असा की एकच स्पेअर चाक पुढेमागे दोन्हीकडे बसलं पाहिजे. लोटसने घाईघाईत मागची चाकंही चार बोल्टची केली. तपासणाऱ्यांचं म्हणणं पडलं की सहा लागत होते म्हणून सहा लावले होते ना, मग चार कसे पुरतील? गाडी बाद. चॅपमन इतका भडकला की टीम लोटस परत कधी तिथे गेली नाही.

फॉर्म्युला वनमधलं त्याचं काम कुठल्याही पुस्तकात मिळेल, म्हणून पटकन सांगतो. १९६२ मध्ये लोटस २५ ची मोनोकॉक बॉडी, म्हणजे सांगाडा आणि पत्रा वेगळे नाहीतच. १९६७ मध्ये लोटस ४९, जिच्यात इंजिन हाच चॅसिसचा मागचा भाग. १९७८ मध्ये लोटस ७९, जिच्या पोटाखालची हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरायची. जिम क्लार्क, ग्रॅहॅम हिल, रिंट, फिटिपाल्डी, आंद्रेत्ती हे सगळे त्याच्या गाड्यांतून विश्वविजेते झाले.

आणि इथेच ती दुसरी बाजू. चॅपमनच्या डोक्यात सतत एकच, वजन काढा. प्रत्येक पार्ट जेमतेम पुरेल इतकाच जाड. कुठे तरी तो पुरायचा नाही. १९६९ मध्ये बार्सिलोनाला त्याच्या दोन्ही गाड्यांचे उंच विंग एकाच शर्यतीत मोडले, हिल आणि योखेन रिंट दोघांचेही भीषण अपघात झाले. दोघं वाचले, आणि लवकरच उंच विंगवर बंदी आली. रिंटने त्यानंतर चॅपमनला पत्र लिहून गाड्या फार नाजूक आहेत, आपला त्यांच्यावरचा विश्वास संपत आलाय, असं कळवलं होतं. ५ सप्टेंबर १९७० ला मोंझाच्या क्वालिफाइंगमध्ये रिंटच्या गाडीचा पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला. तिथलं रेलिंगही नीट बसवलेलं नव्हतं. रिंट गेला. त्या वर्षीचा विश्वविजेता तोच ठरला, मृत्यूनंतर.

आमच्यातल्या एकाने मागच्या महिन्यात रोल केजसाठी थोडा पातळ पाईप सुचवला होता. दहा-बारा किलो वाचतील, कोण कॅलिपर घेऊन बघतंय, असं त्याचं म्हणणं. मी तेव्हा त्याला ऑस्टिनच्या पोर्टाची आणि रिंटच्या शाफ्टची अशा दोन्ही गोष्टी एकामागोमाग सांगितल्या. वजन काढायचं तर मागची सीट काढ, दारांची पॅनल्स काढ, डांबराच्या साउंडप्रूफिंगच्या शीट खरवडून काढ. पाईप जाडच येणार. गाडी तो स्वतः चालवणार आहे, तरी वाद बराच वेळ चालला.

चॅपमनचा शेवटही सरळ नाही. डीलोरियन कंपनीची गाडी विकसित करायचं काम लोटसकडे होतं. त्या कंपनीत ब्रिटिश सरकारचा पैसा होता आणि कामाच्या नावाने दिलेली मोठी रक्कम परदेशी कंपनीमार्फत भलतीकडे वळली. चौकशी रंगात यायच्या आतच, १६ डिसेंबर १९८२ ला, चॅपमन हार्ट अटॅकने गेला. वय फक्त ५४. पुढे १९९२ मध्ये या प्रकरणात लोटसच्या एका माजी अधिकाऱ्याला तुरुंगवास झाला. पोर्टातल्या भिंतीबद्दल मी त्याची बाजू घेतो, इथे नाही घेणार.

तो गेला त्याच दिवशी त्याच्या टीमची माणसं स्नेटर्टनच्या ट्रॅकवर एका नव्या गाडीची चाचणी घेत होती. तिचं सस्पेन्शन स्प्रिंगवर नाही, कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिक्सवर चालायचं. पाच वर्षांनी त्याच कल्पनेवर लोटसने मोनॅकोची शर्यत जिंकली. १९९४ पासून फॉर्म्युला वनच्या नियमांनी तेही बंद केलं.