समुद्र काचेत ठेवणाऱ्या झानबाई

दिवाणखान्यात काचेची पेटी मांडून तीत रंगीत मासे सोडण्याची हौस आता घरोघर झाली आहे. त्यापुढची पायरी म्हणजे खाऱ्या पाण्याची पेटी, आणि तीत ऑक्टोपस ठेवणे ही तर भल्याभल्यांची परीक्षाच. या हौशीच्या मुळाशी गेलो की नाव निघते ते फ्रान्समधल्या एका खेड्यातील, जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या मुलीचे. झान विलप्रो-पॉवर हे ते नाव. मत्स्यालयाचा इतिहास सांगताना आज तिचे नाव पहिल्याने घेतात, पण आपल्याकडे ते फारसे कोणाच्या कानावर नाही. म्हणून आजच्या अंकात तिची हकिकत देत आहोत.

झानचा जन्म १७९४ सालचा, जुयाक गावचा. वयाच्या अठराव्या वर्षी ती शिवणकाम शिकण्यासाठी पॅरिसला निघाली आणि ४०० किलोमीटरहून लांबचा तो रस्ता तिने पायी तुडवला असे सांगतात. तिथे उंची कपडे शिवणाऱ्या दुकानात तिचा हात बसला. १८१६ मध्ये सिसिलीच्या राजघराण्यातली राजकन्या कॅरोलिन फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून आली. तिचा लग्नातला पोशाख करण्याचे काम झानकडे आले आणि त्या एका पोशाखाने तिचे नाव झाले. पुढे जेम्स पॉवर या ब्रिटिश व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. १८१८ मध्ये सिसिलीतील मेसिना या बंदरात त्यांचे लग्न लागले आणि तिथेच संसार थाटला. वीस वर्षांहून अधिक काळ झानबाई तिथे राहिल्या.

परक्या मुलखात नवऱ्याच्या व्यापाराच्या निमित्ताने गेलेल्या बाईचा दिवस कसा जातो, हे आमच्या वाचक भगिनींना आम्ही काय सांगावे! झानबाईंनी शिवणकाम सोडले आणि पुस्तके आणून प्राणिशास्त्र शिकायला घेतले. शाळा-कॉलेजचा आधार नव्हता. होता तो समोरचा समुद्र. इटली आणि सिसिली यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत प्रवाह इतके जोराचे, की खोल पाण्यातले विचित्र प्राणीही वर येतात. शिवाय कोळ्यांशी ओळख असली की रोज काही ना काही दारात हजर.

त्यांत त्यांना भेटला अर्गोनॉट. हा ऑक्टोपसच्याच कुळातला, म्हणजे कोकणातल्या बाजारात मिळणाऱ्या माकूलचाही लांबचा भाऊबंद. पण याच्या मादीजवळ कागदासारखे पातळ, पांढरेशुभ्र, पन्हळीदार कवच असते. तिच्या दोन भुजांना पंख्यासारखे पडदे असतात. ते पडदे शिडासारखे उभारून हा प्राणी समुद्रावर नाव हाकतो, अशी समजूत अगदी ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली होती.

विद्वानांचा वाद मात्र वेगळाच होता. हे घर अर्गोनॉटचे स्वतःचे, की त्याने कोणाचे तरी बळकावलेले? काही खेकडे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतात, तसाच हाही उपरा असावा, असे पॅरिसच्या ब्लँव्हिलसारख्या बड्या शास्त्रज्ञाचे मत होते. त्यांच्या बाजूलाही मुद्दा होता. शिंपल्यातला जीव शिंपल्याला स्नायूने घट्ट जोडलेला असतो. अर्गोनॉट तसा जोडलेला नसतो, वाटल्यास घर सोडून बाहेर येऊ शकतो. उलट पक्षाला म्हणता येत होते, की मग त्या कवचाचा मूळ मालक कोणालाच का सापडला नाही? वाद मिटेना, कारण दोन्हीकडचे पंडित दारूच्या बरणीतले मेलेले नमुने पाहून बोलत होते.

झानबाईंनी ठरवले, की जिवंत प्राणी पाळून पाहायचा. १८३२ पासून त्यांनी त्यासाठी तीन प्रकारची साधने बनवून घेतली. पहिले म्हणजे काचेची पेटी, घरात टेबलाशी बसून पाहण्यासाठी. दुसरे, काचेचेच पात्र पण पिंजऱ्यात बसवलेले, उथळ समुद्रात सोडून पुन्हा वर काढता येईल असे. तिसरा मोठा पिंजरा, नांगर टाकून खोल पाण्यात ठेवण्याचा. सिसिलीतल्या विद्वानांनी या पिंजऱ्यांना त्यांचेच नाव दिले.

आमच्या मते त्यांची खरी अक्कल पिंजऱ्यांत दिसते. पेटीतले समुद्राचे पाणी फार काळ चांगले राहत नाही. प्राणवायू संपतो, प्राण्याच्या मलमूत्राचा अमोनिया साठतो, आणि ऑक्टोपसला तो सोसत नाही. आज आपण लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार घालून पाणी बनवतो, पंप आणि फिल्टर लावतो, अमोनिया पचवणारे जंतू वाढावेत म्हणून प्राणी आणण्याआधी कित्येक आठवडे पेटी नुसती चालू ठेवतो. तांब्याचा अंशही पाण्यात जाऊ देत नाही. झाकण पक्के बसवावे लागते ते निराळेच, कारण बिनहाडाचा हा जीव बारीक फटीतूनही निसटतो. झानबाईंकडे ना वीज होती, ना पंप. म्हणून त्यांनी प्राणी समुद्रातच ठेवला, पण आपल्या नजरेखाली.

पिंजऱ्यातल्या अर्गोनॉटांना त्या खाऊ घालत आणि तासन् तास पाहत बसत. जिवंत प्राण्याच्या कवचाचा तुकडा त्यांनी मुद्दाम मोडला, तर मादीने मोडलेली जागा भरून काढली. हे काम ती त्या पडदेवाल्या दोन भुजांनी करते, हेही ध्यानात आले. शिडे म्हणून गाजलेले ते पडदे खरे तर गवंड्याचे हात निघाले! अंड्यातून निघणाऱ्या पिलाला कवच नसते, ते मागाहून तयार होते, हेही त्यांनी दाखवले. घर अर्गोनॉटचे स्वतःचेच होते. कवचात सापडणाऱ्या सगळ्या माद्याच असतात. नर अगदी चिमुकला आणि बिनकवचाचा असतो. साध्या ऑक्टोपसचीही एक गंमत त्यांनी नोंदवली आहे. मोठा शिंपला उघडताच तो मिटू नये म्हणून ऑक्टोपस फटीत दगड सरकवतो आणि आतले मांस काढून खातो.

कातानियाच्या शास्त्रीय अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. लंडनचे नामवंत शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे काम १८३९ मध्ये तिथल्या प्राणिशास्त्र सोसायटीपुढे मांडले. त्याच वर्षी मेसिनात त्यांचे प्रयोगांचे पुस्तक निघाले, आणि सिसिलीवरचे प्रवासाचे मार्गदर्शकही.

पण त्याआधीच, १८३८ मध्ये, घात झाला होता. त्यांचे नमुने, टिपणे, चित्रे, असा वर्षानुवर्षांचा संग्रह घेऊन लंडनला निघालेले जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले. ज्या समुद्रातून एकेक करून काढले, त्याच समुद्राने सगळे एकदम परत घेतले. १८४३ मध्ये पॉवर दांपत्याने सिसिली सोडली. पुढचे आयुष्य पॅरिस आणि लंडन यांच्यात गेले. झानबाई लिहीत राहिल्या, पण मेसिनासारखे काम पुन्हा उभे राहिले नाही.

दरम्यान लंडनला १८५३ मध्ये प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे पुस्तक आले आणि विलायतेत घरोघर काचेच्या पेट्यांचे वेड पसरले. तेच लोण पुढे जगभर गेले. १९५१ मध्ये मुंबईत सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आमच्या अनेक वाचकांनी आईबापांचा हात धरून पाहिले असेल. गॉस यांचे नाव गाजले. झानबाई मागे पडल्या, तरी ओवेन यांनी मत्स्यालयाच्या शोधाचा मान त्यांनाच दिला होता.

१८७० मध्ये प्रशियाच्या फौजेने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा पंचाहत्तरी गाठलेल्या झानबाई जुयाकला परतल्या. जानेवारी १८७१ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. सव्वाशे वर्षांनी, १९९७ मध्ये, शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले.