बालगंधर्वांसमोर बसलेला तबलजी : उस्ताद अहमदजान थिरकवा

हिमायतनगर : तबला म्हटलं की आपल्याकडं लहान पोरगंही झाकीर हुसेन यांचं नाव घेतं. त्यांच्या आधी कोण, असं विचारलं तर जाणती माणसं अल्लारखांचं नाव सांगतात. त्याच्याही मागं जायचं झालं तर गडी थांबतो. मात्र भजनात पेटीवर बसणाऱ्या जुन्या म्हाताऱ्यांना विचारा, ते कानाची पाळी पकडून एक नाव घेतील. ते नाव म्हणजे थिरकवा.

हा माणूस काही मराठी मुलखातला नव्हे. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचा. जन्म 1892 च्या सुमाराचा. घराणं वाजवणाऱ्यांचं, वडील हुसेन बक्ष सारंगी वाजवायचे. पोराला आधी गाणं आणि सारंगी शिकवायला घेतलं, पण त्याचा जीव तबल्यात अडकला. घरातल्या नातलगांकडून सुरुवातीचे बोल मिळाले. पुढं मोठ्या भावाबरोबर तो मुंबईत आला आणि मुनीर खाँ या त्या काळच्या नावाजलेल्या उस्तादांच्या हाताखाली लागला. तेव्हा वय बारा वर्षांच्या आसपास.

थिरकवा हे आडनाव नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ यांनी एकदा पोराला रियाज करताना पाहिलं. पुडीवर बोटं अशी नाचत होती की म्हाताऱ्याच्या तोंडातून थिरकवा हाच शब्द निघाला. तो जो चिकटला तो कायमचा. अहमदजान हे नाव मागं पडलं.

रियाज कसा होता, याच्या गोष्टी तबलजी मंडळी अजून सांगतात. दिवसाचे बारा तास, सोळा तास. आकडा कमी-जास्त असेल, पण एकच बोल महिनोन् महिने घोटायचा ही त्या घराची रीत होती. तबल्याची शाई म्हणजे पुडीवरचा काळा गोल. लोखंडाची पूड आणि खळ थरावर थर घोटून तो बनतो. बोट त्या शाईवर पडलं, लवेवर पडलं की काठावरच्या चाटेवर पडलं, यावर आवाज बदलतो. जागा एका बोटानं चुकली तरी ऐकणाऱ्याला कळतं. पखवाजाला आपण डाव्या अंगाला कणिक लावतो, तिथं पंजा मोकळा पडतो. तबल्यात सगळा खेळ बोटांचा. थिरकवांच्या हातात दिल्ली, अजराडा, फरुखाबाद, पूरब अशी निरनिराळ्या घराण्यांची चीज होती, आणि कुठलीही वाजवली तरी अक्षर न् अक्षर सुटं ऐकू यायचं. जलद वाजवणारे त्यांच्या आधीही होते आणि नंतर तर मोप झाले. जलद असूनही स्वच्छ, ही गोष्ट मात्र दुर्मिळ.

मराठी माणसाचा त्यांच्याशी संबंध आला तो नाटकामुळं.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. 1913 साली त्यांची गंधर्व नाटक मंडळी निघाली. तेव्हा सिनेमा मुका होता, रेडिओ नव्हता. लोकांचं गाणं म्हणजे नाटकाचं गाणं. आज एखादं गाणं मोबाईलवर गावोगाव पोचतं तसं तेव्हा नाटकातलं पद माणसाच्या तोंडून गावोगाव जायचं. कंपन्या वऱ्हाड-नागपूरपर्यंत दौरे करायच्या. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं, कारण एकेका पदाला वन्समोअर पडायचा आणि गंधर्व तेच पद पुन्हा नव्यानं गायचे.

1920 च्या आगेमागे बालगंधर्वांनी थिरकवांना कंपनीत आणलं. सारंगीवर कादरबक्ष होते. नाटकातल्या साथीला एवढे मोठे उस्ताद पगार देऊन ठेवायचे, हा खर्च बाकीच्या कंपन्यांना वेडेपणा वाटण्यासारखा होता. खरं सांगायचं तर हिशेबाच्या बाजूनं तो वेडेपणाच होता. भारी शालू, अत्तरं, खरे दागिने, त्यात ही साथ. 1921 च्या सुमारास कंपनीवरचं कर्ज लाखाच्या वर गेलं होतं. त्या काळचे लाख! तरी साथीत काटछाट झाली नाही. शेतकऱ्याला हे पटणार नाही. कर्ज डोक्यावर असताना बैलजोडी बदलू नये, असं आपण म्हणतो. पण त्या साथीवाचून गंधर्वांचं गाणं तसं झालं असतं का, हाही प्रश्न आहे.

इथं नीट समजून घ्यायची गोष्ट अशी. थिरकवा हे एकट्यानं मैफल गाजवणारे वादक. नुसता तबला दोन-दोन तास ऐकायला लोक बसायचे. असा माणूस नाटकात रंगमंचाच्या समोर खालच्या अंगाला बसला. उजेड वरच्या नटावर, टाळ्या वरच्या नटाला. हातात एवढी विद्या असताना करायचं काय, तर त्रिताल, झपताल, दादरा, धुमाळीचा ठेका धरायचा आणि धरूनच ठेवायचा. बालगंधर्वांची तऱ्हा अशी की ते एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा यायचे, दर वेळी निराळ्या वाटेनं. ओळ ताणायचे, मध्येच सोडायचे, आणि समेवर मात्र अलगद येऊन उतरायचे. खालचा ठेका तिफणीच्या तासासारखा सरळ नसला तर वर एवढं मोकळं फिरता येत नाही. गाणारा थांबला, दम घेतला, की तेवढ्या फटीत थिरकवा लग्गी लावायचे. लग्गी म्हणजे त्याच ठेक्याची चपळ, खेळकर चाल. चार-दोन आवर्तनं झाली की मुखडा घेऊन परत जागेवर. गाणाऱ्याच्या अंगावर कधी गेले नाहीत.

आपल्याकडं वाढोण्याच्या, म्हणजे हिमायतनगरच्याच, परमेश्वराच्या यात्रेत किंवा सप्त्यात रात्रभर भजनं चालतात, तिथं बसून ऐकणाऱ्याला हा फरक चटकन कळेल. काही तबलजी बुवांना गाऊच देत नाहीत. माईक डग्ग्याला चिकटवलेला, आणि अभंगाची ओळ पुरी व्हायच्या आतच तिहाई. टाळी मिळते, अभंग मात्र राहून जातो.

त्याच वर्षांत सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स गावचा बेबी डॉड्स हा गडी जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवत होता. पायानं दाबायचं पेडल आल्यामुळं मोठा ढोल आणि छोटा ढोल एकटाच माणूस वाजवू लागला होता. त्याची अडचण वेगळीच. तबकडी भरताना मोठ्या ढोलाच्या दणक्यानं सुई उडायची, म्हणून रेकॉर्डिंगला तो ढोल बाजूलाच ठेवावा लागे. आपल्याकडंही सुरुवातीला कर्ण्यासमोर बसून गाणं भरायचे, त्यात तबला दूर गेलेला ऐकू येतो. एका बाजूला तीन मिनिटं, एवढाच वेळ. रात्रभराच्या नाटकातलं पद त्या तीन मिनिटांत दाबून बसवलेलं.

तबलजीला त्या काळी मान किती होता, हेही बघायला पाहिजे. गाणाऱ्याच्या मागं चालणारा, कोठ्यावर साथ करणारा, अशी त्याची ओळख. बिदागी गाणाऱ्याच्या कितीतरी खाली. नाव जाहिरातीत येईलच असं नाही. थिरकवांनी ही जागा वर आणली, भांडण करून नव्हे, वाजवून. तबला एकटा ऐकण्यासारखी गोष्ट आहे हे लोकांना पटवणाऱ्या मोजक्या माणसांत ते पुढचे.

1930 नंतर बोलपट आले आणि नाटक कंपन्यांचे तंबू ढिले पडू लागले. 1935 मध्ये बालगंधर्व स्वतः प्रभातच्या धर्मात्मा सिनेमात उतरले. थिरकवा उत्तरेत रामपूरच्या नवाबांच्या दरबारी गेले. नवाब रझा अली खाँ संगीताचे जाणकार. दरबारात एकाहून एक गवई, त्यांच्यात खाँसाहेबांचा मान मोठा. पुढं संस्थानं विलीन झाली, दरबार संपले. आपल्याकडं निजामाचं राज्य गेलं तेव्हाचाच तो काळ. मग लखनौच्या भातखंडे संगीत विद्यापीठात ते तबल्याचे प्राध्यापक झाले. ज्यांनी गुरूच्या घरी चिलीम भरून विद्या घ्यायची असा जमाना पाहिला, ते आता हजेरीपटावरच्या पोरांना शिकवू लागले. 1954 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 मध्ये पद्मभूषण मिळालं.

महाराष्ट्राशी नातं मात्र तुटलं नाही. त्यांच्याकडून घेतलेल्यांत निखिल घोष, लालजी गोखले अशी नावं आहेत. जगन्नाथबुवा पुरोहित हे गवई म्हणून प्रसिद्ध, जोगकंस हा राग त्यांचाच, पण त्यांनी तबला थिरकवांकडून घेतला होता. बुवांचा जन्म हैदराबादचा, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं आपल्याच राज्यातला. बुवांचे शिष्य सुरेश ऊर्फ भाई गायतोंडे पुढं खुद्द थिरकवांपाशी बसले, आणि ठाण्यात राहून त्यांनी ती विद्या पुढच्या पोरांना दिली.

म्हातारपणीही खाँसाहेब वाजवत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, अंग वाळलेलं, पण हात तबल्यावर पडला की वय दिसायचं नाही. शेवटच्या वर्षांत मुंबईत त्यांचं बरंच वास्तव्य असे. मोहरमसाठी ते लखनौला घरी गेले होते. मुंबईला परत निघण्याच्या बेतात असतानाच 13 जानेवारी 1976 रोजी ते गेले.

त्यांच्या एकल वादनाची ध्वनिमुद्रणं आज मोबाईलवर सहज मिळतात. बालगंधर्वांची जुनी पदंही मिळतात, त्यातल्या काही तबकड्यांवर त्यांचीच साथ आहे. आवाज खरखरीत आहे, हेडफोन लावून ऐकावं. पहिल्या वेळी शब्द सोडून द्यावेत आणि ओळ संपून पुढची सुरू व्हायच्या आधी जी फट पडते, तिथं कान ठेवावा.