हर्बर्ट चॅपमन : प्रतिहल्ल्याचा शिल्पकार

प्रतिस्पर्धी संघ चाल करून येतो, चेंडू गमावतो आणि काही क्षणांत गोल होतो तो त्याच्याच जाळ्यात. फुटबॉलमधील या दृश्याचे आज कुणाला नवल वाटत नाही. परंतु हे नशिबाने नव्हे, तर खेळाडूंकडून घोटून घेऊन नेमाने घडवता येते, हे इंग्लंडला दाखवून दिले हर्बर्ट चॅपमन यांनी.

यॉर्कशायरमधील किव्हटन पार्क या खाणींच्या गावात १९ जानेवारी १८७८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील कोळसा खाणीत कामगार. चॅपमन खाण अभियांत्रिकी शिकले आणि फुटबॉलही खेळले, मात्र खेळाडू म्हणून क्लबामागून क्लब बदलूनही त्यांचे फारसे नाव झाले नाही. १९०७ मध्ये नॉर्दम्प्टन टाउनची सूत्रे हाती आली आणि त्यांची खरी बुद्धी दिसू लागली. सतत हल्ला चढवणारा संघ समोरच्याला त्याच्या गोलपाशी गर्दी करायला लावतो आणि स्वतःचीच वाट अडवून घेतो, हे त्यांनी हेरले. मग मागे सरायचे, प्रतिस्पर्ध्याला पुढे ओढायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत मुसंडी मारायची! १९०८-०९ मध्ये नॉर्दम्प्टनने सदर्न लीग जिंकली.

पुढील पर्वाला गालबोट लागले. महायुद्धाच्या काळात खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याच्या आरोपावरून १९१९ मध्ये लीड्स सिटी क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली आणि व्यवस्थापक चॅपमन यांच्यावरही बंदी आली. युद्धकाळात आपण दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करीत होतो, हे त्यांचे म्हणणे अपिलात मान्य झाले, म्हणून ते खेळात परतले. १९२४ आणि १९२५ मध्ये त्यांनी हडर्सफील्डला लागोपाठ लीग विजेतेपद मिळवून दिले.

१९२५ मध्येच ते आर्सेनलकडे आले. त्याच वर्षी ऑफसाईडचा नियम सैल झाला होता. आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी असणे आता पुरेसे होते. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडवला. सेंटर हाफने मागेच थांबावे, असा आग्रह चार्ली बुकन या खेळाडूने धरला आणि चॅपमन यांनी तो मानला. त्या काळी खेळाडूचे ऐकणारा व्यवस्थापक विरळाच. पुढच्याच लीग सामन्यात वेस्ट हॅमवर ४-० असा विजय मिळाला.

मात्र मागे एक माणूस वाढला, की मध्यभागी एक कमी होतो. ही पोकळी भरून काढण्यासाठी १९२९ मध्ये ८,७५० पौंड मोजून ॲलेक्स जेम्सला प्रेस्टनहून आणण्यात आले. तेथे गोल करणाऱ्या जेम्सला चॅपमन यांनी गोलची हौस विसरायला लावली. बचावफळीने हिसकावलेला चेंडू आधी जेम्सकडे जायचा. तेथून एका लांब पासने तो जो ह्यूम किंवा क्लिफ बॅस्टिन या वेगवान विंगरांकडे पोहोचायचा. विंगरांनी कडेकडेने न धावता थेट गोलच्या दिशेने आत घुसायचे, हा दंडक होता. जेम्स प्रारंभी चाचपडला. काही काळ त्याला संघाबाहेरही बसवण्यात आले, पण त्याची भूमिका बदलली नाही. टेबलावर मैदान मांडून खेळाडूंशी चर्चा सुरूच राहिली.

१९३० च्या एफए कप अंतिम सामन्यात आर्सेनलने हडर्सफील्डलाच २-० असे हरवले. पहिला गोल जेम्सचा होता. १९३०-३१ मध्ये १२७ गोल करून संघ प्रथमच लीग विजेता ठरला. १९३२-३३ मध्ये पुन्हा विजेतेपद आले, त्यात विंगर बॅस्टिनचे ३३ गोल होते. सामन्याचा बहुतांश वेळ मागे राहून जिंकणाऱ्या या संघाला टीकाकार नशीबवान म्हणून हिणवत. इतक्या वेळा फळफळणारे नशीब सरावाच्या मैदानावरच घडत असावे, हे मान्य करणे त्यांना जड गेले.

जानेवारी १९३४ मध्ये सर्दी झालेली असतानाही चॅपमन आर्सेनलच्या तिसऱ्या संघाचा सामना पाहण्यासाठी गिल्डफर्डला गेले. त्यानंतर न्यूमोनियाने ६ जानेवारी रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच दुपारी हायबरीवर शेफील्ड वेन्सडेविरुद्धचा नियोजित सामना झाला. त्या मोसमाचे विजेतेपद आर्सेनलनेच पटकावले आणि त्यापुढच्या मोसमाचेही.