एन्झो फेरारी : इंजिनाचा ध्यास

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची, गायकांची, समाजसुधारकांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. यंदा आम्ही एका कारखानदाराचे चरित्र निवडले आहे, आणि तोही इटलीचा. फेरारी म्हटले की लाल रंगाची, कोट्यवधींची मोटार डोळ्यांपुढे येते. पण ज्यांचे हे आडनाव, त्या एन्झो फेरारी यांना मोटारी विकण्याची फारशी हौस नव्हती. शर्यतींचा खर्च निघावा म्हणून ते मोटारी विकत.

उत्तर इटलीतील मोदेना येथे फेब्रुवारी १८९८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचा लोखंडी कामाचा कारखाना घराला लागूनच होता. दहा वर्षांच्या एन्झोला वडिलांनी बोलोन्याला मोटारींची शर्यत दाखवली आणि त्या पोराचे पुढचे आयुष्य तिथेच ठरले. १९१६ साली वडील आणि थोरला भाऊ आल्फ्रेदो दोघेही गेले. एन्झो सैन्यात भरती झाले, तेव्हा त्यांच्या वाट्याला तोफखान्याच्या खेचरांना नाल ठोकण्याचे काम आले. पुढे जिवावरचे आजारपण आले. त्यातून उठल्यावर शिफारसपत्र घेऊन ते तुरीनला फियाट कंपनीत गेले, पण नोकरी मिळाली नाही. ऐन थंडीत एका बागेतल्या बाकावर बसून ते रडले, ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

१९२० पासून ते आल्फा रोमिओच्या मोटारी शर्यतीत चालवू लागले. चालक म्हणून ते बरे होते, थोर नव्हते. त्यांची खरी कला माणसे हेरण्याची आणि जोडण्याची. १९२३ साली व्हित्तोरिओ यानो हा अभियंता त्यांनी फियाटमधूनच आल्फा रोमिओत आणला आणि यानोंच्या मोटारीने दोन वर्षांत कंपनीला जगज्जेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी राव्हेन्नाजवळची शर्यत जिंकल्यावर पहिल्या महायुद्धात पडलेल्या बाराक्का या वैमानिकाचे आईवडील त्यांना भेटले. मुलाच्या विमानावरचा उधळलेला काळा घोडा मातेने त्यांना दिला. फेरारींनी त्यामागे मोदेनाचा पिवळा रंग भरला. तेच आजचे बोधचिन्ह.

१९२९ मध्ये त्यांनी स्वतःचा शर्यतींचा संघ काढला, पण मोटारी आल्फाच्याच. १९३९ मध्ये कंपनीशी फाटले, तेव्हा चार वर्षे शर्यतीत फेरारी हे नाव वापरायचे नाही अशी अट पडली. त्यांनी नाव न लावता मोटार बनवली. तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनासाठी भाग घेतले ते फियाट ११०० चे! मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, तिचे १०८९ सीसीचे इंजिन याच घराण्यातले. आपल्यापैकी ज्यांच्या दारात ती उभी असे, त्यांनी फेरारींच्या पहिल्या मोटारीचे दूरचे नातलगच पाळले होते म्हणायचे. १९४० च्या शर्यतीत अशा दोन मोटारी उतरल्या, दोन्ही वाटेतच बंद पडल्या.

युद्धाच्या काळात कारखाना मारानेल्लो गावी हलला. त्यावर बॉम्ब पडले, तो पुन्हा उभा राहिला. १९४७ मध्ये फेरारी नावाची पहिली मोटार बाहेर पडली. कोलोम्बो या अभियंत्याने तिच्यासाठी दीड लिटरचे, पण तब्बल बारा सिलिंडरचे इंजिन आखले होते. एकेक सिलिंडर १२५ सीसीचा, म्हणून मोटारीचे नावही १२५. पिस्टन लहान आणि हलके असल्याने इंजिन अधिक वेगाने फिरे. सुटे भाग मात्र वाढत, खर्चही वाढे. फेरारींना त्याची पर्वा नव्हती. त्याच वर्षी तुरीनची शर्यत जिंकल्यावर ते जुन्या बाकावर जाऊन बसले. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला त्यांच्या मोटारीने आल्फा रोमिओला हरवले, तेव्हा आनंदाबरोबर आपण आईचाच जीव घेतल्यासारखे त्यांना वाटले.

त्यांचा मुलगा आल्फ्रेदो, लाडाने दीनो, अभियंता झाला होता. स्नायू क्षीण होत जाण्याच्या आजाराने तो खिळला. इंजिनाच्या चाचणीची नोंद ठेवावी तसा वडिलांनी मुलाच्या आहाराचा आणि तपासण्यांचा तक्ता ठेवला. माप नीट ठेवले तर पोरगा वाचेल, ही एका कारागीर बापाची आशा. यानो आता फेरारींकडे आले होते. अंथरुणाशी बसून तिघे सहा सिलिंडरच्या नव्या इंजिनाची चर्चा करत. ३० जून १९५६ रोजी, चोविसाव्या वर्षी दीनो गेला. काही महिन्यांनी ते इंजिन सुरू झाले, त्याला दीनोचेच नाव दिले. १९५८ चे जगज्जेतेपद त्याच घराण्यातल्या इंजिनाने मिळवले. वडील पुढे रोज सकाळी त्याच्या थडग्यावर जात.

घरातली दुसरी बाजूही सांगायला हवी. १९४५ मध्ये लग्नाबाहेरच्या संबंधातून त्यांना पिएरो हा मुलगा झाला होता. इटलीत १९७० पर्यंत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. पत्नी लाउरा १९७८ मध्ये वारल्यावरच पिएरोला वडिलांचे नाव मिळाले. एका मुलासाठी रोज स्मशानाची वाट धरणाऱ्या बापाने दुसऱ्याला तेहतीस वर्षे आडोशाला ठेवले.

मे १९५७ मध्ये भर रस्त्यावरून धावणाऱ्या मिल्ले मिल्या शर्यतीत त्यांच्या मोटारीचे टायर फुटले. मोटारीतले दोघे आणि बघणारे नऊ जण ठार झाले, त्यांत पाच मुले होती. फेरारींवर खटला चालला आणि १९६१ मध्ये ते सुटले. त्या वर्षांत त्यांचे चालक एकामागून एक मरत होते. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्यांना स्वतःची मुले गिळणाऱ्या सॅटर्न या रोमन देवाची उपमा दिली. न्यायालयाने निर्दोष ठरवले हे खरे, पण ती पाच मुले आम्हाला या चरित्रातून वगळता येत नाहीत. ते स्वतः शर्यतींना क्वचितच जात, मोदेनात टेलिफोनजवळ बसून निकालाची वाट पाहत.

पैशाची ओढाताण सरेना, तेव्हा १९६९ मध्ये त्यांनी अर्धी कंपनी विकली. घेणारी कंपनी फियाटच होती! शर्यतींचा कारभार मात्र त्यांनी आपल्याच हाती ठेवला.

१४ ऑगस्ट १९८८ रोजी नव्वदाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन उरकल्यावरच बातमी बाहेर आली. त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या सोळांपैकी पंधरा शर्यती मॅकलारेनने जिंकल्या. उरलेली एक ११ सप्टेंबरला इटलीतच, मोन्झाला झाली. तिथे पहिल्या दोन्ही मोटारी फेरारींच्या होत्या.