चवदार तळं ते मुंबईचं कौन्सिल हॉल : महाडचे सुरबानाना टिपणीस

महाड : चवदार तळ्याचं नाव घेतलं की बाबासाहेब डोळ्यांसमोर येतात, ते बरोबरच आहे. पण त्या लढ्यात गावातला एक नगराध्यक्षही त्यांच्या बाजूनं उभा होता, हे नव्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नाही. ते म्हणजे सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, महाडकरांचे सुरबानाना.

दादरच्या ज्या रस्त्याला आज सी. के. बोले यांचं नाव आहे, त्या बोल्यांनी 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये त्याप्रमाणे चवदार तळं सर्वांना खुलं केलं. पण ते कागदावरच! तळ्यावर जायची कुणाची हिंमत होत नव्हती.

ती कोंडी फुटली 20 मार्च 1927 ला. परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी असलेली बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा, रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे यांच्यासोबत सुरबानानाही या कामात होते. जातीनं कायस्थ प्रभू, म्हणजे ज्यांना पाणी कधीच नाकारलं गेलं नव्हतं त्यांच्यातले. तरी ते दुसऱ्या बाजूला उभे राहिले. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, पुढं तळ्याचं शुद्धीकरण झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो 17 मार्च 1937 ला.

त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्यानं, म्हणजे आजच्या रायगडनं, नानांना मुंबई विधानसभेवर पाठवलं. तिकीट होतं बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचं. आता प्रश्न होता खोतीचा. कोकणात कूळ राबायचं आणि भाताचा मोठा वाटा खोत न्यायचा. पोट भरेना म्हणून घरटी एखादा माणूस परळ-लालबागच्या गिरणीत जायचा. सप्टेंबर 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्चात नाना, चित्रे आणि शामराव परुळेकर हे आमदारही होते. रीगल सिनेमासमोर आज जिथं राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे, तेच तेव्हाचं कौन्सिल हॉल.

विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती बंद करणारा कायदा आला 1949 साली.

तळ्याचा ठराव असो की खोतीचा कायदा, कागदावरचा हक्क माणसाच्या हातात पडायला वर्षं लागतात. तोवर कुणीतरी पाठपुरावा करत राहावं लागतं. ग्रामसभेत ठराव होऊनही ज्यांच्या वाडीत पाणी पोचलेलं नाही, त्यांनी सुरबानानांचं नाव जरूर लक्षात ठेवावं.